दूधसागर : पाहायचा की पोहायचा?

पावसाळा ओसरला, की गोव्याच्या पूर्व सीमेलगतच्या कुळे या लहानशा गावात लगबग सुरू होते. चार महिने विसावलेल्या जीपगाड्या बाहेर निघतात, त्यांचे ब्रेक व टायर तपासले जातात आणि रानातील ओढ्यांचे पाणी किती उतरले याची विचारपूस होऊ लागते. ओढे उतरले, वनखात्याने वाट खुली केली, की दूधसागर धबधब्याचा हंगाम सुरू झाला. सर्वसाधारणपणे ऑक्टोबरच्या प्रारंभापासून मे महिन्यापर्यंत तो चालतो. या काळात देशाच्या कानाकोपऱ्यांतून येणाऱ्या बहुतेकांच्या मनात एकच चित्र असते : सुमारे ३१० मीटर उंचीवरून कोसळणाऱ्या शुभ्र धारा, त्यांच्या पायथ्याशी हिरवट निळा डोह आणि त्या डोहात डुंबणारे आपण व आपली मुले.

चित्र खरे आहे. मात्र त्याचे दोन भाग नेहमी एकाच महिन्यात जुळतात असे नाही. ज्या दिवसांत धबधबा सर्वांत भव्य दिसतो, त्या दिवसांत त्याचा डोह पोहण्यास सर्वांत वाईट असतो. आणि डोह शांत, स्वच्छ, मुलांना उतरविण्याजोगा होतो तेव्हा धारा कृश झालेल्या असतात. म्हणूनच सहलीची आखणी करणाऱ्याने गाडी, भोजन, मुक्काम या गोष्टींच्याही आधी एक प्रश्न घरच्या मंडळींपुढे ठेवावा : दूधसागर पाहायचा आहे, की त्यात पोहायचे आहे? याचे प्रामाणिक उत्तर मिळाले की बाकीचा बेत बराचसा आपोआप ठरतो.

दूध आणि दगड

दूधसागर हा गोवा आणि कर्नाटक यांच्या सीमेवर, मांडवी नदीच्या एका उपनदीवर आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील पठारावर पडणारा पाऊस इथे कड्यावरून चार टप्प्यांत खाली झेपावतो. काळ्या कातळावर आपटून पाण्याचा फेस होतो आणि दुरून पाहणाऱ्यास खरोखरच दूध ओतल्याचा भास होतो. एका राजकन्येने स्नानसमयी परक्या नजरेपासून लज्जारक्षण करण्यासाठी सोन्याच्या कलशातील दूध समोर ओतले, तोच हा प्रवाह, अशी दंतकथा परिसरात सांगितली जाते. भोवतालचे रान भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान म्हणून संरक्षित आहे. धबधब्याकडे जाणारी प्रत्येक जीप या अभयारण्यातून जाते. म्हणून इथली शिस्त समुद्रकिनाऱ्यावरील शिस्तीहून वेगळी आहे, हे पाहुण्याने आरंभीच ध्यानी घ्यावे.

धबधब्याच्या मध्यावर, त्याला जणू छेद देत, रेल्वेचा पूल उभा आहे. पोर्तुगीज गोव्यातील मुरगाव बंदर आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांना जोडणारा हा घाटमार्ग १८८८ मध्ये पूर्ण झाला. कॅसलरॉक ते कुळे या टप्प्यात चढ इतका तीव्र आहे (दर ३७ मीटर अंतराला एक मीटर), की गाड्यांना मागून रेटा देण्यासाठी जादा इंजिने जोडावी लागतात. याच मार्गाच्या दुपदरीकरणासाठी अभयारण्यातून जागा देण्यास मिळालेली वन्यजीवविषयक मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. २०१३ मध्ये आलेल्या ‘चेन्नई एक्सप्रेस’ या चित्रपटात हा पूल आणि मागचा धबधबा झळकला. त्यानंतर इथल्या गर्दीला वेगळेच उधाण आले.

त्या उधाणाचा एक दुष्परिणाम म्हणजे रेल्वेमार्गावरून चालत धबधब्याकडे जाण्याची प्रथा. पूर्वी तरुण मंडळी गाडीतून उतरून रुळांवरून, बोगद्यांतून पायी जात. आता ते निषिद्ध आहे. जुलै २०२३ मध्ये एका रविवारी मोठ्या संख्येने आलेल्या भटक्यांना रेल्वे पोलिसांनी अडविले, काहींना उठाबशा काढावयास लावल्या, आणि ती दृश्ये देशभर पाहिली गेली. उठाबशांचे कोणी समर्थन करो वा न करो, बोगद्यात समोरून गाडी आली तर बाजूला होण्यास जागा नसते, हे मात्र वादातीत आहे. गाडीतून धबधबा पाहण्यास अर्थातच कोणाची हरकत नाही. ज्यांना केवळ पाहायचे आहे, त्यांनी पाऊस भरात असताना या मार्गावरील दिवसाच्या गाडीचे तिकीट काढावे आणि खिडकीजवळची जागा धरावी. डब्यात बसून, कोरड्या कपड्यांनी घेतलेले ते अर्ध्या मिनिटाचे दर्शन वर्षभर पुरते.

सातांचे गणित

पोहायचे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी कुळ्याची वाट धरावी. मडगावहून कुळे सुमारे चाळीस किलोमीटर, पणजीहून फोंडामार्गे साठ. बेळगावकडून येणाऱ्यांना अनमोड घाट उतरून मोले गाठता येते. कुळ्यापुढे स्वतःचे वाहन नेता येत नाही. तिथून जीपने दहा-बारा किलोमीटरचा जंगलरस्ता, वाटेत ओढ्यांची पात्रे ओलांडणे आणि शेवटी खडकांवरून, झाडांच्या मुळांवरून पायी थोडी चाल असा क्रम असतो. एका जीपमध्ये साधारणतः सात प्रवासी बसवितात. त्यामुळे इथले सारे नियोजन सातच्या पाढ्याने चालते. आठवा माणूस आला, की दुसरी जीप किंवा अनोळखी मंडळींसमवेत विभागणी, यांपैकी एक पर्याय स्वीकारावा लागतो.

समजा, एका कुटुंबात दोन दांपत्ये, दोन मुले आणि सत्तरीच्या आजी असे सात जण आहेत. जीप भरली, खर्च वाटला गेला, सारे उत्तम. पण आजींच्या पाठीचे काय? तो पाऊण ते एक तासाचा रस्ता हाडे खिळखिळी करणारा आहे, आणि जीप थांबल्यानंतरची वाट गुडघे दुखणाऱ्यास मुळीच सोयीची नाही. पुष्कळ कुटुंबे हा विचार कुळ्याला पोहोचल्यावर करतात. मग आजी एक तर मन मारून वाहनतळावर चार-पाच तास बसतात, किंवा भिडेखातर जीपमध्ये चढून पुढचा आठवडा अंथरुणावर काढतात. आदल्या रात्री मोकळेपणाने बोलणे झाले, तर त्याच परिसरात त्यांच्यासाठी सुरेख पर्याय आहे. मोल्याहून काही किलोमीटरवर तांबडी सुर्ला येथे कदंबकालीन महादेव मंदिर आहे. बाराव्या-तेराव्या शतकातील हे काळ्या पाषाणाचे शिल्प गोव्यात टिकून राहिलेल्या प्राचीन मंदिरांत अग्रगण्य मानले जाते. गर्द झाडीत, ओढ्याच्या काठी, मोटार थेट जवळ जाते. आजी आणि त्यांच्या सोबतीला एक जण तिकडे, उरलेले पाच जण जीपने धबधब्याकडे, आणि दुपारच्या जेवणास सारे पुन्हा एकत्र, असा बेत कोणालाच उणा वाटणार नाही.

आता वेळेचा हिशेब उलट्या बाजूने मांडावा. धबधब्यापाशी थांबण्यास मिळणारा अवधी मर्यादित असतो, साधारणतः तास-दीड तास. त्यातील चढउतार, कपडे बदलणे, छायाचित्रे यांत बराच काळ जातो आणि पाण्यात प्रत्यक्ष तासभरही मिळत नाही. त्या तासासाठी दिवसाचे दहा-बारा तास खर्ची पडतात. तेव्हा तो तास दिवसाच्या कोणत्या प्रहरी मिळावा, हे ठरवून मगच घरून निघण्याची वेळ निश्चित करावी. सकाळी लवकर पोहोचणाऱ्यास रांग लहान मिळते आणि डोहही तुलनेने रिकामा असतो. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीच्या पावसाचे गडगडाटी ढग बहुधा दुपारनंतर जमतात. सकाळी आटोपलेली सहल त्यांच्या तावडीतून सुटते.

वार निवडतानाही थोडे चातुर्य हवे. सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुटी मिळू लागली आणि बँक कर्मचाऱ्यांच्या सहलींना नवे अंगण लाभले. मात्र सलग सुट्यांचे दिवस साऱ्यांचेच असतात. नाताळाच्या आठवड्यात तर कुळ्याची रांग पाहून मागे फिरणारेही असतात. एखादी रजा खर्चून मंगळवार-बुधवार गाठता आला, तर ती रजा सत्कारणी लागली असे समजावे.

महिन्यांविषयी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. ऑक्टोबरात धबधबा भरून वाहतो. पण डोहातही तेवढीच ओढ असते. त्या दिवसांत काठाजवळ पाय बुडवून बसण्यातच शहाणपण असते. डिसेंबर-जानेवारीत पाणी निवळते, तळाचे दगड दिसू लागतात, मासे पायांशी येतात. मुलांसह पोहण्यासाठी हाच काळ योग्य. मार्चनंतर धारा बारीक होतात. ज्यांनी छायाचित्रे पाहून अपेक्षा बांधलेल्या असतात, त्यांची निराशा होते. डोह मात्र तेव्हाही थंडगार असतो आणि एप्रिलच्या उकाड्यात त्याची किंमत कळते.

खर्चाच्या बाबतीत जीपचे भाडे, अभयारण्याचा प्रवेश आणि लाइफ जॅकेटचे भाडे हे मुख्य घटक होत. त्यांचे दर व नोंदणीची पद्धत हंगामागणिक बदलत असल्याने निघण्यापूर्वी ताजी चौकशी करावी. पणजी, मडगाव किंवा किनाऱ्यावरील हॉटेलांतून निघणाऱ्या मार्गदर्शित सहलींत बहुधा मसाल्याच्या बागेची भेट आणि तिथले भोजन जोडलेले असते. अशी सहल घेताना मुदत ठेवीची पावती जितक्या काळजीने वाचली जाते, तितक्याच काळजीने तिच्या अटी वाचाव्यात. जीपचे भाडे त्यात धरलेले आहे काय? पाणी वाढल्याने वाट बंद झाली, तर पैसे परत मिळतात की दुसरे स्थळ दाखविले जाते? मार्गदर्शक डोहापर्यंत सोबत येतो, की कुळ्यालाच थांबतो? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे आणि तोच प्रश्न विचारावयाचा हटकून राहतो. पुरेशी रोख रक्कम सुट्या नोटांत जवळ असावी. रानात मोबाइलचा संपर्क तुटतो आणि संपर्काविना डिजिटल पाकीट हे रिकामेच पाकीट.

पाण्याचा स्वभाव

भारतात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मृत्युमुखी पडतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांतून दिसते. यात नदी, विहीर, तलाव सारेच आले. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पुण्याहून आलेल्या एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ते खोल पाण्यात पोहत नव्हते. प्रवाहाच्या मध्यभागी खडकावर उभे होते आणि पाणी पाहता पाहता वाढले. त्याआधी जुलै २०२३ मध्ये गोव्याच्या नेत्रावळी अभयारण्यातील मैनापी धबधब्यात दोघे बुडाले आणि त्यानंतर वनखात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास त्या पावसाळ्यात बंदी घातली.

अशा घटनांमागे पाण्याचे काही साधे नियम असतात. पहिला असा की, डोहातले पाणी डोहावरच्या आकाशाने ठरत नाही. दूधसागराला पाणी येते ते कॅसलरॉकच्या बाजूच्या पठारावरून. खाली लख्ख ऊन असता वर मुसळधार सर कोसळलेली असू शकते, आणि ते पाणी काही काळाने खाली पोहोचते. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होणे, पाचोळा व काटक्या तरंगत येणे, प्रवाहाचा आवाज जड होणे या तीन खुणा दिसल्या, की वस्तू गोळा करीत न बसता तत्काळ उंचावर जावे. काठ बदलण्यासाठी प्रवाह ओलांडू नये. वेगाने वाहणारे गुडघाभर पाणीही धडधाकट माणसाचे पाय उचलते.

दुसरा नियम फेसाचा. धार जिथे कोसळते तिथले पांढरे पाणी हवेच्या बुडबुड्यांनी भरलेले असते. त्याची घनता कमी असल्याने शरीर त्यात नेहमीइतके तरंगत नाही. लाइफ जॅकेटचाही आधार तिथे उणावतो. त्यातच कोसळणारे पाणी खाली जाऊन पुन्हा धारेकडे वळते आणि माणसाला आत ओढते. तरणतलावात पन्नास फेऱ्या मारणारा पोहणारा इथे चकतो तो याचमुळे. त्याला येते ते स्थिर, कोमट, तळ ठाऊक असलेल्या पाण्यातले पोहणे. धारेखाली जाऊन छायाचित्र काढून घेण्याचा मोह हा या डोहातील सर्वांत महाग मोह होय.

तिसरी गोष्ट खडकांची. शेवाळलेला ओला कातळ कोरडा दिसत असतानाही निसरडा असतो, आणि दूधसागराच्या वाटेवर दुखापत होते ती पुष्कळदा पाण्याबाहेर, पाय घसरून. रबरी तळव्याच्या, मागे पट्टा असलेल्या चपला किंवा जुने कॅनव्हासचे बूट हवेत. गुळगुळीत स्लिपरने इथे येऊ नये. उंचावरून सूर मारणे तर सर्वथा वर्ज्य. पाण्याखालचे दगड दरवर्षीच्या पुरात जागा बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षीचा अनुभव यंदा उपयोगी पडत नाही.

लाइफ जॅकेट इथे सक्तीचे आहे. तरी ते अंगात अडकविले म्हणजे झाले, असा समज आढळतो. मोठ्या मापाचे जॅकेट घातलेले मूल पाण्यात पडले, की जॅकेट वर राहते आणि मूल त्यातून खाली निसटते. मुलाला जॅकेट चढवून सर्व पट्टे आवळावेत आणि खांद्यांवरील भाग धरून वर ओढून पाहावा. तो कानापर्यंत आला तर माप चुकले. लहान मापाचे जॅकेट मिळेलच याची खात्री नसल्यास घरून आणावे. अंगावर जखम असणाऱ्याने पाण्यात उतरू नये, आणि परतल्यानंतर पंधरवड्यात ताप आला तर डॉक्टरांना या स्नानाविषयी आवर्जून सांगावे. लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग अशा पाण्यातून होऊ शकतो आणि वेळीच उपचार झाले तर तो बरा होतो.

डोहापाशी जीवरक्षक असतात. मात्र खरी पारख असते ती जीपचालकाला आणि स्थानिक मार्गदर्शकाला. ओढा ओलांडताना चाकाचा कितवा भाग पाण्यात गेला, यावरून डोहात आज किती ओढ असेल हे तो सांगू शकतो. कुळ्यातील शेकडो घरांचे पोट या हंगामावर अवलंबून आहे. त्यामुळे ‘आज पाण्यात उतरू नका, पात्रांव,’ असे तो म्हणतो तेव्हा त्यात त्याचाही तोटा असतो. पाहुण्यांची प्रतिक्रिया बहुधा ‘इतक्या लांबून आलो, पैसे भरले’ अशी होते. नकार ऐकण्याची तयारी सहलीच्या बेतातच असली पाहिजे. म्हणजे त्या दिवशी पोहणे झाले नाही तरी करण्याजोगे दुसरे काही आधीच ठरलेले असावे : मसाल्याची बाग, तांबडी सुर्ला, मोल्यातील रानवाटा. मुलांनाही घरून निघताना ‘पोहायला जायचे’ असे न सांगता ‘धबधब्याला जायचे’ एवढेच सांगावे. वचन लहान असले की मोडत नाही.

ज्यांना गर्दीचा तिटकारा आहे आणि भव्यतेपेक्षा निवांतपणा हवा आहे, त्यांच्यासाठी सांगे तालुक्यातील नेत्रावळीचे रान आहे. तिथला सावरी धबधबा आकाराने लहान, पण वाट सावलीची आणि डोह आटोपशीर. जवळच गोपीनाथ मंदिराशेजारी ‘बुडबुड्यांची तळी’ आहे. तिच्या तळातून सतत बुडबुडे वर येतात आणि लहान मुले तिथून हलावयास तयार नसतात. या रानातही स्थानिक वाटाड्या घेणे आणि पावसाळ्यातील निर्बंध पाळणे आलेच.

सामानाचे फारसे सांगण्यासारखे नाही. कोरडे कपडे, टॉवेल, पाण्याची पुन्हा वापरता येणारी बाटली, नेहमीची औषधे. खाद्यपदार्थ हातात किंवा पारदर्शक पिशवीत नेऊ नयेत; धबधब्यापाशी माकडांच्या टोळ्या वावरतात आणि पिशवीतील केळी कोणाची, याविषयी त्यांची मते ठाम आहेत. त्यांना हाताने खाऊ घालण्याची हौस पाहुण्यांनीच लावली, तिची किंमत आता पाहुणेच मोजत आहेत. साबण, शाम्पू घेऊन कोणी पाण्यात उतरू नये. हेच पाणी पुढे मांडवीला मिळते. मद्यपान करून पाण्यात उतरणाऱ्यास सोबतच्यांनी स्पष्टपणे अडवावे. भीड तिथे कामाची नाही.

जानेवारीतील एखाद्या सकाळी हे सारे जुळून येते. काठाजवळचे पाणी कमरेइतके, तळ दिसणारा. मुले पट्टे आवळलेल्या जॅकेटांत तरंगत असतात. एक मोठा माणूस पाण्यात, एक काठावर, दोघांचीही नजर मुलांवर. पाण्याचा पहिला स्पर्श श्वास रोखणारा असतो, मग अंग सैलावते. इतक्यात वर पुलावरून शिटी येते आणि एक लांबलचक गाडी धारांसमोरून हळूहळू जाऊ लागते. डोहातील सारे वर पाहून हात हलवितात, खिडक्यांतूनही हात बाहेर येतात. गाडी बोगद्यात शिरते. चालक मनगटावरच्या घड्याळाकडे पाहतो. ओले कपडे पिळून पिशवीत भरले जातात, माणसे मोजली जातात, पाच भरतात, आणि जीप पहिल्या ओढ्याच्या दिशेने वळते. तांबडी सुर्ल्याला आजी जेवणासाठी वाट पाहत असतात.